हात हलवायचा, वजन उचलायचे नाही



एका भगिनीचे पत्र समोर आहे. तिच्या डाव्या स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली असून पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. ती चार घरची धुणीभांडी करते. तिने लिहिले आहे, "डॉक्टरांनी ऑपरेशन कसे करणार ते समजावून सांगितले. पण घरी आल्यावर माझे काय होईल ते कोणी सांगत नाही. हात चालेल का? पाणी कोण भरेल? कामावर केव्हा जाता येईल? विचारायला लाज वाटते."

लाज वाटते म्हणूनच आजचे सदर या विषयाला द्यायचे ठरवले. पायाचे हाड मोडले तर आपण साऱ्या चाळीला सांगतो. स्तनाचे ऑपरेशन झाले तर "गाठ काढली" एवढेच म्हणून विषय बदलतो. त्यामुळे एकीचा अनुभव दुसरीच्या कामी येत नाही आणि प्रत्येक घर त्याच चुका नव्याने करते. आमच्या घराने केलेली चूक आधी सांगते.

माझ्या थोरल्या वहिनीचे काही वर्षांपूर्वी हेच ऑपरेशन झाले. पूर्ण स्तन काढला, शिवाय काखेतल्या ग्रंथीही काढल्या. चौथ्या दिवशी तिला घरी आणले. आम्ही सर्वांनी मायेपोटी एकच घोशा लावला, "हात हलवू नको, टाके उसवतील." आईने जुन्या लुगड्याच्या पट्टीने तिचा हात छातीशी बांधून टाकला. इस्पितळातून व्यायामाचा छापील कागद मिळाला होता. तो मी नीट घडी करून फाइलला लावला. कारकुनाची सवय, कागद जपून ठेवला, वाचला मात्र नाही.

पुढे पाच महिने केमोथेरपी चालली. वहिनी हात अंगाशी धरूनच वावरली. मग रेडिएशनसाठी गेलो. तिथे टेबलावर झोपवून सांगितले, "हात डोक्याच्या वर घ्या." हात खांद्याच्या वर जाईना. रेडिएशन देताना हात वर करून स्थिर ठेवावा लागतो, तरच किरण नेमक्या जागी देता येतात. आम्हाला फिजिओथेरपी विभागात परत पाठवले. हात सुटायला तीन आठवडे लागले. कॅन्सरच्या उपचारातले ते तीन आठवडे आमच्या मायेने खाल्ले. आजही वहिनी हसून म्हणते, "ताई, तुम्ही माझा हात फाइलला लावला होता."

म्हणून आजच्या लेखाचे सार आधीच सांगून टाकते. हात पहिल्या दिवसापासून हलवायचा. वजन मात्र उचलायचे नाही. पहिली गोष्ट तिने करायची आहे, दुसरी घराने. मी डॉक्टर नाही. ज्याने ऑपरेशन केले त्याचा शब्द अखेरचा. पण त्याला काय विचारायचे हे तरी आपल्याला ठाऊक असावे.

ऑपरेशन कोणते झाले?

हा पहिला प्रश्न, कारण पुढचे सारे त्यावर ठरते. काही जणींचा पूर्ण स्तन काढावा लागतो. काहींची फक्त गाठ व तिच्याभोवतीचा भाग काढून स्तन वाचवता येतो. स्तन वाचवताना उरलेल्या भागाला नीट आकार देतात, आणि दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून कधी दुसरा, चांगला स्तनही लहान करून वर उचलून बसवतात. असे झाले तर जखमा दोन्हीकडे असतात. सूज आणि काळेनिळेपणा काही आठवडे राहतो. आधार देणारी घट्टसर ब्रा डॉक्टर सांगतील तितके दिवस रात्रीसुद्धा घालावी लागते. आकार स्थिर व्हायला काही महिने आणि वण फिकट व्हायला वर्षभर लागते. पहिल्या पंधरवड्यात आरशात पाहून "वाकडे झाले" असे ठरवू नये.

दुसरा प्रश्न काखेचा. आपण ज्यांना अवधाणाच्या गाठी म्हणतो त्या ग्रंथी काखेत असतात. त्यातल्या दोन-चारच तपासायला घेतल्या की सगळ्या काढल्या, हे विचारून ठेवा. सगळ्या काढल्या असतील तर हाताची काळजी जास्त.

वडीलधाऱ्या बाया म्हणतात, "त्या ऑपरेशननंतर हात कायमचा जातो." त्यांचे अगदीच खोटे नाही. अमेरिकेतले सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी १८८२ पासून रूढ केलेल्या पद्धतीत स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढत. त्याने अनेकींचे हात सुजत आणि आखडत. पुढे इटलीचे उंबर्टो वेरोनेसी आणि अमेरिकेचे बर्नार्ड फिशर यांनी १९८० च्या दशकात अभ्यासांनी दाखवून दिले की, योग्य रुग्णांमध्ये लहान ऑपरेशन आणि सोबत रेडिएशन केले तरी बाई तितकीच जगते. आता छातीचे मोठे स्नायू सहसा काढत नाहीत. म्हणून हात परत मिळतो. पण तो मिळवावा लागतो.

नळी आणि बाटली

घरी येताना बहुधा काखेजवळून एक नळी आणि तिला जोडलेली बाटली किंवा दाबून बसवलेला डबा असतो. घरातली मुले ते पाहून घाबरतात. त्यांना सांगा, जखमेत साचणारे पाणी बाहेर यावे म्हणून ही सोय आहे. सुरुवातीला पाणी लाल असते, मग गुलाबी, मग पिवळसर होते. रोज ठरावीक वेळी ते मोजून वहीत तारीख घालून लिहायचे. हे काम शाळेत जाणारा मुलगासुद्धा करू शकतो. चोवीस तासांत साधारण ३० मिलिलिटरपेक्षा कमी येऊ लागले की डॉक्टर नळी काढण्याचा विचार करतात. बहुतेकींची एक ते दोन आठवड्यांत निघते. बाटली जखमेपेक्षा खाली राहिली पाहिजे. वहिनीसाठी आईने जुन्या कापडाची गळ्यात अडकवायची पिशवी शिवली होती. चालताना नळी ओढली जात नसे.

नळी असेपर्यंत अंग ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. जखमेवर हळद, तेल, पाल्याचा लेप, अंगारा यातले काहीही लावू नये. कपडा पुढून उघडणारा असावा. पुढच्या हुकांचा सैल ब्लाउज, पुढे बटणांचा गाऊन किंवा नवऱ्याचा जुना शर्ट चालतो. डोक्यातून घालायचा गाऊन महिनाभर बाजूला ठेवा.

नळी निघाल्यावर त्या जागी कधी पाणी साचते, बोटाने दाबले तर फुग्यासारखे हलते. कॅन्सर परत आला असे समजून रडारड करू नका. बाह्यरुग्ण विभागात सुईने ते काढून घेतात. घरी फोडायला मात्र जाऊ नका.

दुखणे आणि बधिरपणा

जखम पहिले दोन-तीन दिवस जास्त दुखते. सांगितलेली गोळी वेळेवर घ्यावी. सोसण्यात मोठेपणा नाही. दुखणे आवरले तरच हात हलेल. काख आणि दंडाची आतली बाजू बधिर होते, मुंग्या येतात, सुया टोचल्यासारखे होते. तिथून त्वचेची एक नस जाते, ती ऑपरेशनमध्ये ताणली किंवा कापली जाते. हा बधिरपणा महिनोन् महिने राहतो, थोडा कायमही राहू शकतो. म्हणून त्या जागी गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. चटका बसलेला कळत नाही.

आणखी एक गोष्ट. काढून टाकलेला स्तन अजून आहे, तिथे खाज येते, असे काहींना वाटते. वहिनीलाही वाटायचे. "मी वेडी तर होत नाही ना?" असे तिने मला कानात विचारले होते. हे वेड नव्हे. हात किंवा पाय कापलेल्या माणसालाही असेच होते.

भिंतीवरच्या खुणा

व्यायाम पहिल्या दिवसापासून. मूठ उघडणे-मिटणे, कोपर वाकवणे, खांदे हळू फिरवणे, त्याच हाताने जेवणे व केस विंचरणे. नळी असेपर्यंत हात सहसा खांद्याच्या उंचीपर्यंतच न्यायला सांगतात. नळी निघाली, जखम भरली आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की पुढचे व्यायाम सुरू करायचे. भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि बोटे कोळ्यासारखी वर चालवत न्यायची. दोन्ही हातांत काठी धरून डोक्यावर उचलायची. टॉवेल पाठीमागे धरून पाठ पुसल्यासारखा ओढायचा. दिवसातून तीन वेळा, पाच-दहा मिनिटे पुरतात. ताण जाणवला पाहिजे. कळ आली तर थांबायचे.

काहींच्या काखेतून कोपरापर्यंत त्वचेखाली दोरीसारखे ताणलेले लागते. हीसुद्धा ओळखीची तक्रार आहे. बहुतेक वेळा व्यायामाने काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ती जाते. त्या भीतीने हात बांधून ठेवला की दोरी आणखी आखडते.

आमच्या घरात दाराजवळच्या भिंतीवर पुतण्याच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा आहेत. फिजिओथेरपी सुरू झाल्यावर त्यानेच शेजारी आईच्या बोटांची खूण करायला सुरुवात केली. दर रविवारी एक. शेवटची खूण त्याच्या डोक्याच्या खूप वर आहे. घराला रंग लावला तेव्हा तेवढी जागा आम्ही सोडली.

पाणी कोण भरेल?

आता पत्रातल्या खऱ्या प्रश्नाकडे येऊ. पहिले चार ते सहा आठवडे त्या हाताने एक-दोन किलोंपेक्षा जास्त उचलायचे नाही. पाण्याने भरलेला तांब्या चालेल. भरलेला हंडा पंधरा किलोंच्या आसपास जातो, तो चालणार नाही. भरलेले गॅस सिलिंडर तीस किलोंच्या घरात जाते. त्याला हातही लावायचा नाही. चादरी पिळणे, दहा माणसांची कणीक मळणे, पाट्यावर वाटणे, लहान मूल कडेवर घेणे, लोकलच्या गर्दीत कडीला लटकणे, हे सगळे या यादीत येते.

तेव्हा पाणी नवऱ्याने भरायचे. नळ पहाटे चार वाजता येत असेल तर चार वाजता उठून भरायचे. कपडे मुलाने पिळायचे. मुलगी आहे म्हणून सगळे तिच्यावर ढकलून तिची शाळा बुडवायची नाही. आमचा दादा गिरणी कामगाराचा मुलगा, चुलीजवळ कधी न गेलेला. पहिल्या दिवशी त्याच्या भाकरीला नकाशे आले. महिन्याने भाकरी फुगायला लागली. शेजारचे हसले, मग तेच हंडा उचलून देऊ लागले. इस्पितळाचे बिल सगळे मोजतात. घरातल्या माणसाने उपसलेले हे कष्ट कोणी मोजत नाही. पण बाईचा हात वाचतो तो यावरच.

कामाबद्दल. खुर्चीवर बसून काम असेल तर बऱ्याच जणी चार-सहा आठवड्यांत जाऊ शकतात. धुणीभांडी, झाडू, डोक्यावरचे ओझे यांना जास्त वेळ लागतो, आणि मध्ये केमोथेरपी आली तर आणखी. घरकाम करणाऱ्या बाईला भरपगारी रजा नाही. महिनाभर गेली नाही तर घर दुसरी धरते. इथे महिला मंडळाने पुढे यावे. वस्तीतल्याच दोघी-तिघींनी तिची घरे बदलीवर सांभाळावी आणि ती बरी झाली की परत तिच्या हाती द्यावी. हे सर्वांसमक्ष बोलून ठरवावे, म्हणजे मागाहून भांडण नको.

बांगडी घट्ट झाली तर

हातातले पाणी परत वाहून नेणाऱ्या बारीक वाहिन्या काखेतल्या ग्रंथींतून जातात. ग्रंथी काढल्या, वर रेडिएशन दिले, की गटार तुंबल्यासारखे पाणी हातात साचू शकते. ही सूज सगळ्यांना येत नाही. पण येते तेव्हा महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही येते. बांगडी किंवा ब्लाउजची बाही एकाच हाताला घट्ट होणे, हात जड वाटणे, ही पहिली खूण. महिन्यातून एकदा शिंप्याच्या टेपने दोन्ही हात मनगट, कोपर, दंड अशा ठरलेल्या जागी मोजून वहीत लिहावे. फरक वाढू लागला तर लगेच दाखवावे. सुरुवातीला दाबाची बाही, पट्ट्या आणि शिकवून घेतलेले हलके चोळणे यांनी सूज आवरते. गरम तेलाने जोरात रगडणाऱ्या बाईकडे जाऊ नये.

त्या हाताला जखम, भाजणे, कीटक चावणे यांपासून जपावे. भांडी घासताना रबरी हातमोजे घालावे. तारेची घासणी बोटात शिरते. कापले तर साबणाने धुवून झाकावे. रक्तदाब आणि इंजेक्शन शक्यतो दुसऱ्या हातावर. हात लाल, गरम झाला व ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

ऑपरेशन झाले म्हणजे संपले नाही

काढलेला भाग तपासायला जातो. त्याच्या रिपोर्टमध्ये ईआर, पीआर आणि हर-टू ही तीन नावे असतात. पुढे कोणते औषध लागू पडेल ते यावरून ठरते, म्हणून हा रिपोर्ट सोन्यासारखा जपा. केमोथेरपी लागत असेल तर बहुधा काही आठवड्यांत सुरू होते. केस जातात, पण परत येतात. रेडिएशन हल्ली अनेकींना तीन आठवड्यांत १५ वेळा देतात, काहींना जास्त. रिपोर्टप्रमाणे टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच ते दहा वर्षे रोज घ्यावी लागते. "आता बरे वाटते" म्हणून ती मध्येच सोडू नये. ती चालू असताना दिवस जाऊ नयेत याची काळजी घ्यावी.

कागदांचे कारकून म्हणून सांगते. सगळ्या रिपोर्टच्या दोन झेरॉक्स प्रती, तारखेप्रमाणे लावलेल्या, मूळ प्रती वेगळ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड व आधार कार्ड घेऊन योजनेतल्या इस्पितळात आरोग्यमित्राला ऑपरेशनच्या आधी भेटा. मंजुरी आधी घ्यावी लागते. कामगार विमा योजनेत कॅन्सर दीर्घ आजारांच्या यादीत आहे. पात्र कामगाराला पगाराच्या ८० टक्के भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वे तिकिटात सवलत असते, तिचा फॉर्म इस्पितळातून भरून घ्यावा. बाहेरगावाहून मुंबईला येणाऱ्यांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अनेक वर्षे आसरा देत आली आहे.

मनाचे काय?

पट्टी निघाल्यावर छातीकडे कधी पाहायचे, कोणाला सोबत घेऊन पाहायचे, हे तिचे तिने ठरवावे. वहिनीने अकरा दिवस पाहिले नाही. बाराव्या दिवशी दादाला हाक मारली आणि दार लावून घेतले. बाहेर आले तेव्हा दोघांचे डोळे लाल होते. पण त्या रात्री ती प्रथमच शांत झोपली. नवऱ्याने त्या वेळी मान फिरवली, तर ती जखम कोणताही सर्जन शिवू शकत नाही.

कॅन्सर स्पर्शाने लागत नाही. तिचे ताट वेगळे करू नका, मुलांना तिच्या कुशीतून ओढू नका. सुरुवातीला ब्लाउजमध्ये कापसाची हलकी गादी ठेवता येते. जखम पूर्ण भरल्यावर, साधारण दीड-दोन महिन्यांनी, वजनदार कृत्रिम स्तन वापरता येतो. त्याने खांदे एका बाजूला झुकत नाहीत. नवा स्तन तयार करण्याचे ऑपरेशनही नंतर होऊ शकते. विचारण्यात काही वावगे नाही, आणि काहीच नको वाटले तर तेही तिचे खरे.

वाट पाहू नका

१०१ च्या आसपास ताप, जखम लाल होऊन पू येणे, बाटलीत एकदम ताजे रक्त भरणे, नळी निसटणे, पोटरी सुजून दुखणे, धाप लागणे, यातले काहीही झाले तर तारखेची वाट न पाहता इस्पितळात जा. केमोथेरपी चालू असताना आलेला ताप तर रात्री दोन वाजताही अंगावर काढू नये.

जाता जाता बाकीच्या भगिनींसाठी. गाठ लहान असताना सापडली तर ऑपरेशनही लहान होते. टाटा मेमोरियल इस्पितळाने १९९८ पासून मुंबईतल्या दीड लाखांहून अधिक महिलांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्यात प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी फक्त हाताने स्तन तपासले. पन्नाशीपुढच्या महिलांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. यंत्र नव्हते, फक्त शिकलेला हात होता. आपल्या वस्तीत अशी तपासणी आली तर लाजून घरात बसू नका.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीस एवढेच सांगते. तुझा हात चालेल. हे पान कापून घे, अर्धे तू वाच आणि "पाणी कोण भरेल?" हा भाग नवऱ्याला मोठ्याने वाचायला लाव. व्यायामाचा कागद मिळाला की तो फाइलला लावू नकोस, भिंतीवर चिकटव.

सप्रेम जयभीम.